लंगोट कोणी धुतले?



लेकीचं बाळंतपण आटोपून गेल्या महिन्यात पुण्याहून परतले. हल्लीच्या रीतीप्रमाणे ती माहेरी आली नाही, मीच तिच्याकडे जाऊन राहिले. जाताना एक पिशवी नेली होती. माझ्या सासूबाईंचं, म्हणजे आमच्या आत्तींचं, एक जुनं नऊवारी लुगडं ट्रंकेत होतं. धुऊन धुऊन इतकं मऊ झालेलं की हातातून निसटावं. ते कापून मी चोवीस लंगोट आणि सहा दुपटी शिवली होती, चारी कडा दुमडून, शिवण बाहेरच्या बाजूला, म्हणजे बाळाला टोचत नाही.

लेकीनं एकेक लंगोट उलगडून बघितला, गालाला लावला आणि विचारलं, "आई, छान आहेत गं. पण हे धुणार कोण?"

तिनं काही टोमणा मारला नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. दोघं नोकरीवाले, तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, धुणं वाळवायला हातभर गॅलरी. डायपरचा गठ्ठा जावयांनी आधीच आणून ठेवला होता. मला चटकन उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून मी वाचते आहे, आठवते आहे, आणि मला वाटायला लागलंय की बाळाच्या लंगोटाचा सगळा इतिहास लेकीच्या त्या एका प्रश्नात आहे.

आपल्याकडे याला जुना शब्द बाळोतं. आमच्या आज्जी बाळुतं म्हणायच्या. बाळाला नवं कोरं कापड घालायचं नाही, घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या वापरलेल्या लुगड्याचं किंवा धोतराचं घालायचं, ही रीत घरोघर होती. त्यात वडिलांचं आयुष्य बाळाला लागावं ही भावना, आणि व्यवहारही: कोऱ्या कापडातली खळ बाळाच्या कातडीला खाजते, जुनं सूत पाणी चटकन शोषतं. लुगडं फाटलं की त्याचं दुपटं, दुपट्याचं बाळोतं, बाळोत्याचं पोतेरं. बाळंतविड्यात झबली-टोपडी, कुंची हे सगळं नवं मिरवायला असायचं, पण अंगाखाली जायचं ते जुनंच.

पूर्वी सगळं धुऊनच वापरत असतील अशी माझी समजूत होती. चरकसंहिता त्याबाबतीत वेगळंच सांगते. शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात तान्ह्या बाळाच्या खोलीचं वर्णन आहे. बाळाचं अंथरूण-पांघरूण मऊ, हलकं, स्वच्छ, सुगंधी असावं. मलमूत्रानं, घामानं खराब झालेलं टाकून द्यावं. दुसरं मिळणं शक्य नसेल तरच तेच नीट धुऊन, धुरी देऊन, कोरडं करून वापरावं. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी पहिला सल्ला 'टाका' हाच होता! अर्थात हे वैद्य कोणाच्या घरासाठी लिहीत होते ते वाचताना कळतंच. बाळासाठी वेगळं दालन बांधणाऱ्या घराला कापड टाकणं परवडेल. बाकीच्यांसाठी पुढचं वाक्य आहे. कपड्यांच्या धुरीची यादीही दिलेली आहे: जव, मोहरी, जवस, हिंग, गुग्गुळ, वेखंड, तूप, आणि चक्क सापाची कात. कात सोडली तर यातलं बरंच काही माझ्या बाळंतपणात आमच्या शेगडीवर पडलेलं मला आठवतंय.

पण धुणाऱ्याचं नाव चरकात नाही. धुऊन घ्यावं, वाळवून घ्यावं, एवढंच. कोणी, ते नाही.

युरोपात वेगळा प्रकार होता. तिथं शतकानुशतकं बाळाला पट्ट्यांनी घट्ट गुंडाळून ठेवायचे आणि ते गुंडाळणं सारखं सारखं सोडायचे नाहीत. बाळाच्या कातडीचं काय होत असेल ते आपण आया ओळखू शकतो. १७४८ मध्ये कॅडोगन नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी आणि १७६२ मध्ये रूसोंनी या आवळण्यावर कडक टीका केली. बाळ मोकळं झालं तशी निव्वळ कमरेच्या फडक्याची गरज वाढली. डायपर हा शब्दही तिथलाच, आणि गंमत म्हणजे तो मुळात एका कापडाचं नाव आहे. विणीत बारीक शंकरपाळ्यांची नक्षी असलेल्या सुती किंवा तागाच्या कापडाला डायपर म्हणत. आज ज्याला आपण कापडाच्या विरुद्ध समजतो, त्याचं नावच कापडाचं आहे. फडकं अडकवायला सेफ्टी पिन आली १८४९ मध्ये. वॉल्टर हंट नावाच्या अमेरिकन माणसानं तिचं पेटंट घेतलं आणि चारशे डॉलरला विकून टाकलं.

यापुढची गोष्ट मला सगळ्यात आवडली, कारण ती दोन आयांची आहे.

दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. युद्धकाळात अमेरिकेत बायका कारखान्यांत जायला लागल्या आणि लंगोट धुऊन घरपोच देणाऱ्या लाँड्र्यांचा धंदा जोरात चालला. ज्यांना ते परवडत नव्हतं त्या घरीच घासत होत्या. मॅरियन डोनोव्हन ही अशीच एक आई. लंगोट बदलला की चादर ओली, चादर बदलली की गादी ओली, याला ती वैतागली होती. १९४६ मध्ये तिनं न्हाणीघरातला पडदा उतरवला आणि शिवणयंत्रावर त्याची लंगोटावरून घालायची चड्डी शिवली. पिनेऐवजी चापाची बटणं लावली. कारखानदारांनी ते मनावर घेतलं नाही, म्हणून १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दुकानात तिनं स्वतःच ती विकायला ठेवली. १९५१ मध्ये पेटंट मिळालं आणि तिनं हक्क दहा लाख डॉलरला विकले.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये व्हॅलरी हंटर गॉर्डन, सैन्यातल्या अधिकाऱ्याची बायको, तिसऱ्या बाळाचे लंगोट धुऊन थकली होती. पॅराशूटचं टाकाऊ नायलॉन तिला मिळालं. त्याची चड्डी आणि आत लगद्याची, कापसाची टाकून देता येणारी घडी, असं तिनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिवलं. बघून ओळखीच्या बायका मागायला लागल्या आणि तिनं शेकडो शिवून दिल्या. १९४८ मध्ये पेटंटसाठी अर्ज, मग चेस्टरफील्डच्या एका कारखान्यात उत्पादन. 'पॅडी' असं त्याचं नाव होतं. चड्डी धुवायची, आतली घडी टाकायची. आज आपल्याकडे ऑनलाइन जे 'आधुनिक कापडी डायपर' मिळतात, त्यांची ही आजीच म्हणायची.

या दोघींना निसर्गाचं नुकसान करायचं नव्हतं. त्यांना थोडी झोप हवी होती. डायपरवाल्या आयांना आळशी म्हणताना, आणि मी म्हटलेलं आहे, मला आता या दोघी आठवतात.

पुढचं भराभर झालं. प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीतले व्हिक्टर मिल्स नावाचे इंजिनिअर आजोबा झाले, नातवंडांचे लंगोट बदलायची वेळ आली आणि ते काम त्यांना मुळीच आवडलं नाही. त्यातून पॅम्पर्स निघालं. १९६१ मध्ये इलिनॉय राज्यातल्या पिओरिया गावात ते विकून बघितलं. एकाची किंमत दहा सेंट, लोकांना महाग वाटलं. यंत्रं सुधारून किंमत उतरवल्यावरच ते खपलं. योगायोग असा की त्याच पिओरियात अमेरिकन शेती खात्याची प्रयोगशाळा होती आणि तिथं मक्याच्या स्टार्चपासून स्वतःच्या वजनाच्या शेकडोपट पाणी धरून ठेवणारा पदार्थ तयार झाला. हेतू शेतीचा होता, मातीत ओल टिकावी हा. त्याच जातीची, पण पेट्रोलियमपासून केलेली पूड १९८०च्या दशकात जपानमध्ये आणि मग अमेरिकेत डायपरमध्ये भरली गेली. आज डायपर फाडला की जो जेलीसारखा गोळा निघतो, तो हाच. ही पूड आल्यावर डायपर पातळ झाला आणि चार-सहा तास न बदलता ठेवता यायला लागला.

आणखी एक गोष्ट बदलली. आपल्याकडे बाळाला दोन पायांवर धरून 'शूऽऽ' करायची पद्धत. चार-पाच महिन्यांपासून सुरू केलं तर वर्षाच्या आतबाहेर बाळ खूण द्यायला शिकतं. अमेरिकेत १९६२ मध्ये डॉ. ब्रेझेल्टन यांनी मूल स्वतः तयार होईपर्यंत थांबा, जबरदस्ती नको, असं मांडलं. धाकदपटशापेक्षा ते चांगलंच होतं. पण थांबणं सोपं झालं ते डायपरमुळे. आता तीन वर्षांचं मूल डायपरमध्ये शाळेला जातं याचं कोणाला नवल वाटत नाही.

आपल्याकडे १९९४ मध्ये किंबर्ली-क्लार्क आणि हिंदुस्तान लिव्हर यांची भागीदारीतली कंपनी पुण्याजवळ उभी राहिली आणि हगीज हे नाव शहरांतल्या दुकानांत दिसायला लागलं. आमच्या शिरोळ तालुक्यातल्या गावात ते यायला आणखी बरीच वर्षं लागली. माझी लेक त्याआधीची, १९९१च्या आषाढातली.

त्या आषाढाबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे.

आठ-आठ दिवस ऊन नाही. दिवसाला वीस-बावीस लंगोट. सोप्यात, माजघरात, पाळण्याच्या दोरीला, सगळीकडे वलण्या बांधलेल्या. तरी वाळायचे नाहीत, म्हणून शेगडीवर टोपली पालथी घालून तिच्यावर पसरायचे. आत्तींचे नियम मोडायची टाप नव्हती. धुण्याचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळलेलं हवं आणि गाळणं झाल्यावर जिवाणी परत आडातच. उकळतं पाणी मोरीत ओतायचं नाही, निवलं की मग. आणि सगळ्यात कडक नियम: ओलं बाळोतं दोन घटकांच्या वर पडून राहता कामा नये. अठ्ठेचाळीस मिनिटांत त्यात जीव उपजतात, म्हणून बादलीत रात्रभर भिजत घालणं तर नाहीच. मला त्या वेळी हा जाच वाटायचा. आता वाटतं की त्या नियमामुळे लेकीला पुरळ फार कमी आलं. अर्धवट वाळलेला लंगोट घातला, तेवढ्याच दोन-तीन वेळा आलं.

पण हे दिवसाला बावीस लंगोट, दर दोन घटकांनी, गाळलेल्या पाण्यात धुतले कोणी? मी ओली बाळंतीण. आत्ती सोयर म्हणून पहिले दहा दिवस शिवत नव्हत्या. धुणारी एक म्हातारी बाई होती, गावातल्या खालच्या आळीतली. अकरा दिवसांसाठी बोलावली, पुढे चार महिने येत राहिली. परसदारी दगडावर बसायची. हाताला रिठ्यानं आणि सोड्यानं भेगा पडलेल्या, त्यावर ती खोबरेल लावायची. तिला धान्य, जुनं लुगडं आणि थोडे पैसे मिळायचे. प्यायला पाणी मागितलं तर आम्ही तिच्या ओंजळीत वरून ओतायचो. पाणी गाळलेलं असायचं. पाण्यातल्या न दिसणाऱ्या जीवांची एवढी काळजी घेणाऱ्या आमच्या घरात हे कोणाला खटकलं नाही. मला खटकलं नाही. लेकीनं "धुणार कोण" विचारलं तेव्हा चौतीस वर्षांनी पहिल्यांदा त्या बाईचे हात माझ्या डोळ्यांसमोर आले. आज तिची माफी मागायला ती नाही.

म्हणून मैत्रिणींनो, 'आमच्या वेळी सगळं कापडी होतं, काही कचरा नव्हता' असं मी आता सहज म्हणत नाही. कचरा नव्हता हे खरं, पण त्याची किंमत कोणीतरी देत होतं.

मग डायपरनं ते हात सुटले का? पुण्यात लेकीच्या सोसायटीत रोज सकाळी 'स्वच्छ' संस्थेच्या ताई कचरा न्यायला येतात. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून कचरावेचकांची संघटना म्हणून काम करते, त्यातूनच ही सहकारी संस्था निघाली. वापरलेले पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, असं त्यांचं सांगणं असतं, म्हणजे उघडून बघायची वेळ येत नाही. २०१६च्या घनकचरा नियमांतही डायपर नीट गुंडाळून द्यावेत आणि त्यासाठी कंपन्यांनी पिशवी किंवा वेष्टन द्यावं असं लिहिलेलं होतं. मी जिन्यात उभी राहून बघितलं. वरच्या मजल्यावरून आलेल्या डब्यात सहा-सात डायपर उघडेच, भाजीच्या देठांत मिसळलेले. ताईंनी ते हातानं वेगळे केले. हातमोजा एकाच हाताला होता. परसदारचा दगड गेला आणि जिना आला, एवढाच फरक.

आपल्या मुनिमहाराजांच्या पाच समित्यांपैकी शेवटची उत्सर्ग समिती. मलमूत्र टाकायचं तेही निर्जंतुक, मोकळ्या जागी, जमीन नीट बघून, कोणत्याही जीवाला पीडा होणार नाही असं. प्रवचनात ऐकताना मला ती नेहमी फक्त साधूंची गोष्ट वाटायची. डायपरमध्ये तेच मलमूत्र जेलीत कोंडून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून आपण आठवडाभर डब्यात, मग वर्षानुवर्षं डेपोत ठेवतो. जिथं आत्ती दोन घटका चालवून घेत नव्हत्या! २०१९च्या महापुरानंतर पाणी ओसरलं तेव्हा आमच्या मळ्याच्या कुंपणाला, बाभळींच्या काट्यांना फुगलेले डायपर लटकत होते. ते काढायला गडी तयार होईना. शेवटी आमच्या ह्यांनी आणि मी काठीनं काढले.

आता दुसरी बाजूही सांगते, कारण कोणीतरी विचारणारच: धुण्यात अप्काय जीवांची विराधना नाही का? आहे. पाणी लागतंच, साबण लागतोच. ब्रिटनच्या एन्व्हायर्न्मेंट एजन्सीनं २००८ मध्ये याचा हिशेब मांडला. अडीच वर्षांत एका मुलामागे टाकाऊ डायपरचा कार्बनचा भार सुमारे ५५० किलो आणि कापडी लंगोटांचा सरासरी ५७०. म्हणजे कापडी जरा जास्तच! वाचून मी हिरमुसले. पण पुढे कारण दिलं होतं: फार गरम पाणी, अर्धवट भरलेलं मशीन आणि विजेवर वाळवणं. मशीन पूर्ण भरून लावलं, दोरीवर वाळवलं आणि तेच लंगोट दुसऱ्या बाळाला वापरले, तर भार चाळीस टक्क्यांनी उतरतो. दोरीवर वाळवणं आणि भावंडाचं भावंडाला घालणं आपल्याला कोणी शिकवायला नको. उलट जाहिरात बघून चाळीस नक्षीदार कापडी डायपर जमवले तर परिग्रह तो परिग्रहच, कापडी असला म्हणून काय झालं. शिवाय त्यांच्या बाहेरच्या थरात प्लास्टिकच असतं, हे घेताना बघा.

लेकीकडे शेवटी असं ठरलं. दिवसा लुगड्याचे लंगोट, वरून दोन-तीन जलरोधक चड्ड्या आलटून पालटून. शी झाली की लगेच शौचालयात झटकून वाहत्या पाण्याखाली, मग एका बारक्या बादलीत. सकाळ-संध्याकाळ मशीन. आत्तींच्या दोन घटका यात पाळल्या जात नाहीत, हे मी कबूल करते. ओले लंगोट लगेच खळबळून पिळून पसरून ठेवतो, एवढं जमतं. फॅब्रिक कंडिशनर घालायचा नाही, त्यानं सूत पाणी शोषत नाही. रात्री एक डायपर, आणि दवाखान्यात किंवा प्रवासात जाताना एक. तो झटकून, गुंडाळून, लाल ठिपका काढून वेगळा द्यायचा. ठिपक्यासाठी स्केचपेन डब्याला सुतळीनं बांधून ठेवलंय.

आणि धुणार कोण? पहिल्या दिवशी मी पदर खोचून उठले तर जावई म्हणाले, "आई, तुम्ही बसा. तुम्ही गेल्यावर मलाच करायचंय, आत्ताच शिकवा." सुरुवातीला त्यांनी लंगोट इतके करकचून पिळले की दोनाची शिवण उसवली. त्यांच्या आई बघायला आल्या होत्या. मुलगा गॅलरीत बाळोती वाळत घालतोय हे बघून त्या गप्प झाल्या, चहा झाला तरी बोलल्या नाहीत. मग उठून गॅलरीत गेल्या. मला वाटलं आता काहीतरी होणार. त्यांनी एक लंगोट दोरीवरून काढला, झटकून, कडा ताणून परत घातला आणि मुलाला म्हणाल्या, "असा घाल, नाहीतर सुरकुतीत ओल राहते."

उसवलेले दोन मी येताना सोबत आणलेत. शिवून पाठवायचे आहेत.